ब्रिटनचं ट्रायडंट नक्की कोणाचं?

प्रश्न दोन भागांत आहे. ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकी बनावटीची आहेत, मग ब्रिटनचा पंतप्रधान ती अमेरिकेच्या परवानगीशिवाय डागू शकतो का? आणि अमेरिकेने उद्या युरोपातून हात काढून घेतला, तर ब्रिटन आणि फ्रान्स मिळून तिची जागा घेऊ शकतील का?

मी संरक्षणशास्त्र शिकवतो. पहिला प्रश्न वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. दुसरा अलीकडे फार वाढला आहे आणि त्यात खरी काळजी असते.

आधी सरळ उत्तर. डागायला परवानगी लागत नाही. ब्रिटिश पाणबुडीवर त्यासाठी अमेरिकी अधिकारी बसलेला नसतो आणि वॉशिंग्टनहून येणारा कुठला सांकेतिक आकडाही लागत नाही. क्षेपणास्त्र जीपीएसच्या भरवशावर उडत नाही. आतली दिशादर्शक यंत्रणा आणि ताऱ्यांचा वेध यांवर ते आपली वाट धरतं, त्यामुळे अमेरिकेने उपग्रह बंद केले तरी ते अडत नाही. आदेश फक्त ब्रिटनच्या पंतप्रधानाचा.

पण परवानगी कोणाची, एवढंच विचारून थांबलं तर अर्धंच चित्र दिसतं. ब्रिटनचं अवलंबित्व आदेशाच्या त्या काही मिनिटांत नाही. ते कारखान्यात आहे, कोठारात आहे, दुरुस्तीच्या वेळापत्रकात आहे. आज रात्री ब्रिटन पूर्ण स्वतंत्र असतो. पुढच्या दोन-चार वर्षांचं विचाराल तर नसतो.

जरा जवळून पाहू. स्कॉटलंडमधल्या फासलेन तळावर व्हॅन्गार्ड वर्गाच्या चार पाणबुड्या आहेत. एप्रिल १९६९पासून निदान एक ब्रिटिश पाणबुडी अण्वस्त्रांसह सतत समुद्रात राहिली आहे, एक दिवसही खंड नाही. नवा पंतप्रधान पदावर आला की त्याला स्वतःच्या हाताने चार पत्रं लिहावी लागतात, प्रत्येक पाणबुडीच्या कप्तानासाठी एक. लंडन उद्ध्वस्त झालं आणि आदेश द्यायला सरकारच उरलं नाही तर काय करायचं, हे त्यात असतं. पत्र पाणबुडीवरच्या तिजोरीत बंद राहतं आणि पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट केलं जातं. इथे अमेरिकेचा काहीही संबंध नाही. १९९८पर्यंत ब्रिटिश हवाई दलाकडे डब्ल्यूई-१७७ नावाचा स्वतःचा अणुबॉम्ब होता. तो सज्ज करायला सायकलच्या कुलपाला असावी तशी साधी किल्ली पुरायची. अमेरिकी बॉम्बला लागतात तसे सांकेतिक आकडे त्याला नव्हते, कारण हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यावर भरवसा ठेवायचा ही तिथली जुनी रीत.

आता त्याच पाणबुडीचा दुसरा प्रवास पाहा. क्षेपणास्त्रं भरायची तर तिला अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, किंग्ज बे तळावर जावं लागतं. तिथे दोन्ही नौदलांचा सामाईक साठा आहे. ब्रिटनने अमुक एक क्षेपणास्त्र विकत घेतलं आणि घरी नेलं, असं नसतं. साठ्यातल्या ठरावीक संख्येवर त्याचा हक्क आहे, आणि देखभाल अमेरिका करते. वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकावरची अण्वस्त्रं, मात्र ब्रिटनमध्ये, आल्डरमास्टन आणि बर्गफील्डला तयार होतात आणि फासलेनजवळच्या कूलपोर्टला क्षेपणास्त्रांवर चढवले जातात. पण त्यांचं बाहेरचं कवच अमेरिकेकडून येतं आणि पाणबुडीतली मारा-नियंत्रण यंत्रणाही मूळ अमेरिकीच. चाचणी घ्यायची तीही फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ. २०१६ आणि २०२४च्या दोन्ही चाचण्या तिथेच झाल्या आणि दोन्ही फसल्या.

२०१४मध्ये ब्रिटनमध्ये एका सर्वपक्षीय आयोगाने याचा हिशेब मांडला. त्याच्या तीन अध्यक्षांपैकी माल्कम रिफकिंड आणि डेस ब्राउन हे दोघे माजी संरक्षणमंत्री होते. अमेरिकेने सहकार्य पूर्ण थांबवलं, तर ब्रिटनच्या अण्वस्त्रांचं आयुष्य बहुधा वर्षांपेक्षा महिन्यांतच मोजावं लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं यापेक्षा प्रामाणिक उत्तर सरकारी वर्तुळातून आलेलं नाही.

इथवर गोष्ट आली कशी, ते कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही. म्हणून थोडं मागे जातो.

दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या संशोधनात ब्रिटन सुरुवातीला अमेरिकेच्या पुढे होता. ऑगस्ट १९४३मध्ये क्विबेकला चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी करार केला. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉस अलामोसला, अमेरिकेच्या बॉम्ब प्रकल्पावर गेले, आणि एकमेकांच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशावर हे अस्त्र वापरायचं नाही असं ठरलं. युद्ध संपलं, रूझवेल्ट वारले, आणि १ ऑगस्ट १९४६ला ट्रुमन यांनी मॅकमहन कायद्यावर सही केली. अणूविषयीची माहिती कुठल्याही परक्या देशाला द्यायची नाही. ब्रिटनलाही नाही. युद्धातला सगळ्यात जवळचा साथीदार एका सहीने बाहेर. म्हणून ब्रिटनच्या ॲटली सरकारने जानेवारी १९४७मध्ये गुपचूप स्वतःचा बॉम्ब करायचं ठरवलं आणि ३ ऑक्टोबर १९५२ला ऑस्ट्रेलियाच्या माँटे बेल्लो बेटांजवळ त्याचा स्फोट केला. त्या कंगाल दिवसांत, रेशनकार्डावर जगणाऱ्या देशाने हा खर्च केला. मला तो वेडेपणा वाटत नाही. दारात उभं करत नाहीत त्याला आधी स्वतःची ऐपत दाखवावी लागते.

मग सुएझ. २६ जुलै १९५६ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरच्या शेवटी पॅरिसजवळच्या सेव्र गावात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्तपणे बेत आखला: इस्रायलने हल्ला करायचा, आणि बाकी दोघांनी 'शांतता राखायला' म्हणून सैन्य उतरवायचं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अंधारात ठेवलं, तेही त्यांच्या निवडणुकीच्या आठवड्यात. अमेरिकेने गोळी झाडली नाही. पौंड घसरत होता आणि ब्रिटनला नाणेनिधीच्या मदतीची गरज होती. लष्करी कारवाई थांबल्याशिवाय पैसा मिळणार नाही, एवढं वॉशिंग्टनने स्पष्ट केलं. नाक दाबलं, तोंड उघडलं. ६ नोव्हेंबरला, सैन्य कालव्यावर पुढे सरकत असतानाच, ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली. पंतप्रधान ईडन यांनी फ्रेंच पंतप्रधान गी मोले यांना फोन करून हा निर्णय कळवला. कळवला फक्त, विचारलं नाही. त्या वेळी पॅरिसमध्ये मोले यांच्यासमोर जर्मन चॅन्सलर आडेनाउअर बसले होते.

त्या फोननंतर लंडन आणि पॅरिस यांच्या वाटा फुटल्या, आणि त्या आजवर फुटलेल्याच आहेत. ब्रिटनने धडा घेतला की अमेरिकेच्या विरोधात पुन्हा कधी जायचं नाही आणि तिच्या इतकं जवळ राहायचं की ती आपल्याला टाळूच शकणार नाही. फ्रान्सने घेतला तो उलटा. संकटात अमेरिकाही सोडते आणि ब्रिटनही सोडतो, तेव्हा जे काही करायचं ते स्वतःच्या हाताने.

ब्रिटनच्या वाटेला फळ लवकर आलं. ऑक्टोबर १९५७मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने ख्रिसमस बेटाजवळ स्वतःचा हायड्रोजन बॉम्ब यशस्वी करून दाखवला. ३ जुलै १९५८ला परस्पर संरक्षण करार झाला आणि मॅकमहन कायद्याने लावलेलं दार ब्रिटनपुरतं उघडलं. वॉरहेडची माहिती, किरणोत्सारी सामग्री, पाणबुडीसाठी अणुभट्टी, सगळं. त्याच करारामुळे ब्रिटनच्या पहिल्या अणुपाणबुडीत, एचएमएस ड्रेडनॉटमध्ये, अमेरिकी अणुभट्टी बसली. ही विद्या अमेरिकेने त्यानंतर सहा दशकं कोणालाच दिली नाही. दुसरा मान मिळाला ऑस्ट्रेलियाला, सप्टेंबर २०२१मध्ये, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या ऑकस करारात. त्यासाठी फ्रान्सकडचं १२ पाणबुड्यांचं कंत्राट मोडलं गेलं आणि पॅरिसने वॉशिंग्टन आणि कॅनबेरा इथले राजदूत परत बोलावले. (ते कंत्राट ज्या फ्रेंच कंपनीचं होतं, तिच्याच आराखड्यावर मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये कलवरी वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या.) १९५८चा करार अजून चालू आहे. तो दर काही वर्षांनी वाढवावा लागायचा. २०२४मध्ये ती मुदतच काढून टाकली.

पण त्याच १९५८च्या सुमाराला ब्रिटनने आणखी एक गोष्ट स्वीकारली, आणि ती नीट लक्षात ठेवा, कारण ती पुढे परत येणार आहे. पूर्व इंग्लंडमध्ये ६० थॉर क्षेपणास्त्रं उभी राहिली. क्षेपणास्त्र ब्रिटिश हवाई दलाच्या ताब्यात, वॉरहेड अमेरिकेच्या. डागायचं तर दोन किल्ल्या फिरवाव्या लागत, एक ब्रिटिश अधिकाऱ्याची आणि एक अमेरिकी अधिकाऱ्याची. तुम्ही विचारता ती परवानगी तिथे अक्षरशः होती, लोखंडाची, खिशात ठेवता येणारी. १९६३मध्ये ही क्षेपणास्त्रं काढून टाकली.

त्यांच्या जागी काय, यावरून १९६२च्या डिसेंबरात मोठा पेच उभा राहिला. ब्रिटनने स्वतःचं ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र १९६०मध्ये रद्द करून अमेरिकेच्या स्कायबोल्टवर भिस्त ठेवली होती. ब्रिटनच्या व्हल्कन बॉम्बफेकी विमानांवरून सोडायचं हे अस्त्र. बदल्यात स्कॉटलंडमधलं होली लॉख अमेरिकी पाणबुड्यांना तळ म्हणून देऊ केलं. स्कायबोल्टच्या चाचण्या एकामागून एक फसल्या, खर्च वाढला, आणि अमेरिकी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी ते रद्द करायचं ठरवलं. त्यांच्या दृष्टीने हिशेबाची बाब. लंडनमध्ये पायाखालची वाळू सरकली, कारण स्वतःचं सोडलेलं आणि दुसऱ्याचं मिळालेलं नाही. बहामाजमधल्या नासाऊला ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन केनेडींना भेटले. स्कायबोल्टचं काम निम्मा-निम्मा खर्च वाटून पुढे चालवू, हा केनेडींचा प्रस्ताव मॅकमिलन यांनी नाकारला आणि पोलॅरिस मागितलं, म्हणजे पाणबुडीतून सुटणारं क्षेपणास्त्र. ते मिळालं. अट अशी की ही अस्त्रं नाटोच्या संरक्षणासाठी वाहिलेली राहतील. त्यात मॅकमिलन यांनी एक अपवाद घालून घेतला: देशाचं सर्वोच्च हित पणाला लागलं तर निर्णय ब्रिटनचा. आजचं सगळं स्वातंत्र्य त्या एका वाक्यावर उभं आहे. त्यासाठी त्यांनी तिथे जी झुंज दिली, ती दुबळ्या बाजूने केलेल्या वाटाघाटीचा नमुना म्हणून मी शिकवतो.

त्याची किंमत मात्र कोणी मोजली? विक्रीच्या करारात अमेरिकेच्या संशोधनखर्चापोटी ५ टक्के अधिभार ठरला होता. १९६६मध्ये ब्रिटनने हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं, आणि त्याच्या बदल्यात या अधिभारातले १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत अमेरिकेने सोडून दिले. ब्रिटिश संसद आणि अमेरिकी काँग्रेस, दोघांपासूनही हे लपवलं गेलं. १९६८ ते १९७३ या काळात, दिएगो गार्सिया ज्यांतलं एक त्या चागोस बेटांवरचे लोक उचलून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकले. दीड-दोन हजार माणसं, नारळाच्या मळ्यांत राबणारी, आपल्याला का हलवलं हे कोणी न सांगितलेली. मित्रराष्ट्रांच्या जवळिकीचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. दोन देशांमधला भरवसा तिसऱ्याच्या जमिनीवर उभारला गेला.

फ्रान्सला नासाऊनंतर तोच प्रस्ताव आला होता. १४ जानेवारी १९६३च्या पत्रकार परिषदेत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तो धुडकावला आणि त्याच बैठकीत ब्रिटनचा युरोपीय सामाईक बाजारातला प्रवेशही रोखला. पोलॅरिस बसवायला फ्रान्सकडे ना पाणबुडी होती ना साजेसं वॉरहेड, हेही खरं. पण मूळ कारण सुएझचंच. फ्रान्सने १३ फेब्रुवारी १९६०ला अल्जीरियातल्या वाळवंटात पहिला स्फोट केला होता. मार्च १९६६मध्ये तो नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि अमेरिकी सैन्याला देश सोडायला सांगितलं. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हललं. २००९मध्ये फ्रान्स परत आला, तरी नाटोच्या अण्वस्त्र नियोजन गटात तो आजही बसत नाही. ब्रेस्टजवळच्या ईल लाँग तळावरच्या पाणबुड्या, त्यांतली एम-५१ क्षेपणास्त्रं, वॉरहेड, रफालवरचं अण्वस्त्र, सगळं फ्रेंच.

म्हणून फ्रान्स शंभर टक्के स्वावलंबी, असं म्हणायचं का? तिथेही हात जरा आवरता घ्यावा लागतो. द गॉल यांच्या मिराज-४ विमानांना सोव्हिएत हद्दीपर्यंत पोचायचं तर हवेत इंधन भरावं लागे, आणि ते भरणारी १२ विमानं अमेरिकेकडून विकत घेतलेली होती. १९७०च्या दशकात निक्सन यांच्या काळापासून अमेरिकेने फ्रेंच शास्त्रज्ञांना गुपचूप मदत केली. कायद्याने माहिती देता येत नव्हती, म्हणून पद्धत अशी काढली की फ्रेंचांनी आपण काय करतोय ते सांगायचं आणि अमेरिकनांनी वाट बरोबर की चूक एवढंच बोलायचं. हे १९८९मध्ये उघड झालं. तरी फरक मोठा आहे. फ्रान्सने मदत घेतली, पण ती थांबली म्हणून पाणबुडी किनाऱ्याला लागेल अशी वेळ येऊ दिली नाही. त्यासाठी तो भरपूर पैसा ओततो आणि त्याची ओरड तिथल्या संसदेत होतेच.

ब्रिटनला जवळिकीचा फायदा कधी झाला आणि कधी नाही, हे १९८०च्या दशकाच्या दोन वर्षांत दिसतं. १९८२च्या फॉकलंड युद्धात अमेरिकेने नवी साइडवाइंडर क्षेपणास्त्रं दिली, इंधन दिलं, असेन्शन बेटावरची धावपट्टी दिली. बेट ब्रिटनचं, धावपट्टी अमेरिकेने चालवलेली. ऑक्टोबर १९८३मध्ये अमेरिकेने ग्रेनेडावर सैन्य उतरवलं. तो राष्ट्रकुलातला देश, ब्रिटनची राणी त्याची राष्ट्रप्रमुख, आणि पंतप्रधान थॅचर यांना कळलं तेव्हा निर्णय झालेला होता. त्यांचा विरोध ऐकून घेतला गेला आणि बाजूला ठेवला गेला.

आता दुसरा प्रश्न. ब्रिटन आणि फ्रान्स मिळून अमेरिकेची जागा घेतील का?

आकडे पाहिले तर नाही. फ्रान्सकडे सुमारे २९० वॉरहेड आहेत. ब्रिटनने २०२१मध्ये आपली कमाल मर्यादा २६० केली. अमेरिका आणि रशिया यांच्याकडे प्रत्येकी काही हजार. पण धाक केवळ संख्येने बसत नाही. मॉस्कोला हे दोन देश परवडणार नाही इतका घाव घालू शकतात, आणि स्वतःच्या बचावापुरतं ते पुरेसं आहे. अडचण इतरांच्या बचावाची आहे. एस्टोनियासाठी पॅरिस पणाला लावाल का? अशाच धाटणीचा प्रश्न वॉशिंग्टनला सत्तर वर्षं विचारला गेला, आणि तिचं उत्तर पटावं म्हणून तिने युरोपात लाखोंनी सैनिक ठेवले. ते सैन्य, ती मालवाहू विमानं, हवेत इंधन भरणारी विमानं, ती टेहळणी यांशिवाय अण्वस्त्राचं आश्वासन पोकळ वाटतं. मार्च २०२५मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्त माहिती देणं काही दिवस थांबवलं, तेव्हा युरोपच्या राजधान्यांना कळलं की अशी मदत एका फोनवर बंद होऊ शकते.

१० जुलै २०२५ला ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर आणि फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी लंडनजवळच्या नॉर्थवूडला जाहीर केलं की दोन्ही अण्वस्त्रदलं स्वतंत्र राहतील, पण त्यांच्यात समन्वय असेल, आणि युरोपवर टोकाचं संकट आलं तर दोघेही त्याला उत्तर देतील. मला हे पाऊल महत्त्वाचं वाटतं. सुएझच्या त्या फोननंतर या दोन देशांनी या विषयावर इतकं जवळ येणं विरळाच. या दोन देशांच्या २०१०च्या लँकेस्टर हाउस करारांनी वॉरहेडच्या प्रयोगांसाठी फ्रान्समधल्या व्हालडुकला सामाईक केंद्र उभं राहिलं, त्याचा हा पुढचा टप्पा.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जून २०२५मध्ये, ब्रिटनने मात्र अमेरिकी बनावटीची १२ एफ-३५ए लढाऊ विमानं घेऊन नाटोच्या अण्वस्त्र मोहिमेत सामील होण्याची घोषणा केली. जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स यांच्यासारखं: विमान आपलं, बॉम्ब अमेरिकेचा, अमेरिकेच्या ताब्यातला. म्हणजे थॉरची दुसरी किल्ली परत आली. आघाडीतल्या इतरांबरोबर उभं राहण्याचा संकेत म्हणून याचं समर्थन करता येतं. पण ज्या वर्षी सगळा युरोप अमेरिकेवरचा भार कमी करायला निघाला, त्याच वर्षी ब्रिटनने नवा परवान्याचा बॉम्ब घ्यावा, हे मला पटलेलं नाही. तो पैसा आल्डरमास्टनला किंवा फासलेनच्या गोदीत गेला असता तर बरं झालं असतं.

कारण खरी ओढाताण तिथे आहे. व्हॅन्गार्ड वर्गातली पहिली पाणबुडी डिसेंबर १९९४मध्ये पहिल्या गस्तीवर गेली. तिच्या आयुष्याचा हिशेब सुमारे २५ वर्षांचा होता. दुरुस्त्या लांबल्या, समुद्रावर जायला कमी पाणबुड्या उरल्या, आणि एकेक गस्त पाच महिन्यांहून लांबली. इतके दिवस पाण्याखाली, घरच्यांशी बोलता न येता, सव्वाशे-दीडशे माणसं. या पाणबुड्यांच्या जागी नवा ड्रेडनॉट वर्ग २०३०च्या दशकाच्या सुरुवातीला यायचा आहे, आणि त्याचा क्षेपणास्त्रकक्ष अमेरिकेच्या कोलंबिया वर्गाबरोबर सामाईक आराखड्यावर बनतो. कोलंबियाची पहिली पाणबुडी वर्षभराहून जास्त मागे पडल्याचं अमेरिकी नौदलाने २०२४मध्ये मान्य केलं. ब्रिटनचं पुढचं वॉरहेड, ॲस्ट्रिया, हेही अमेरिकेच्या डब्ल्यू-९३ या नव्या वॉरहेडच्या सोबतीने चालतं, आणि डब्ल्यू-९३ला दरवर्षी पैसा मंजूर करते ती अमेरिकी काँग्रेस. त्यामुळे लंडनमध्ये किंवा व्हाइट हाउसमध्ये कोण काय बोललं यापेक्षा तुम्ही या तीन कामांच्या तारखांवर आणि तरतुदींवर नजर ठेवा. ट्रायडंट पुढच्या दहा वर्षांत किती ब्रिटिश राहील, ते तिथे आधी कळेल.